बंडाचा पेहराव

एखाद्या ब्ल्यू फिल्मने 'निराशा केली' असे कोणी लिहिले, तर त्या शब्दापाशी थांबावेसे वाटते. निराश व्हायला आधी काही आशा असावी लागते. स्टेशनबाहेरच्या गाडीवरचा वडापाव थंड निघाला तर माणूस कुरकुरतो, पण त्यासाठी 'अपेक्षाभंग' असा भारदस्त शब्द वापरत नाही. मग ज्या मालाचे काम ठरलेले, गिऱ्हाईक ठरलेले आणि शेवटही ठरलेला, त्याच्याकडून आणखी कसली अपेक्षा होती?

हा प्रश्न पडला तो अमेरिकेतल्या एका विशिष्ट प्रकारच्या प्रौढ चित्रपटांविषयी वाचताना. त्यांना तिकडे 'ऑल्ट' म्हणतात. 'आल्टरनेटिव्ह'चे, म्हणजे पर्यायीचे, लघुरूप. नेहमीच्या सोनेरी केसांच्या बाहुलीऐवजी इथे हिरवे-निळे रंगवलेले किंवा अर्धे भादरलेले केस, अंगभर गोंदण, ओठात नि भुवईत कड्या, फाटके कपडे आणि मागे कर्कश पंक संगीत. २००१ साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात 'सुइसाइड गर्ल्स' नावाचा उद्योग याच चेहऱ्यामोहऱ्यावर उभा राहिला. २००६ साली 'विविड' या लॉस एंजेलिसच्या बड्या कंपनीने 'विविड ऑल्ट' अशी वेगळी शाखाच काढली. त्याच शाखेने त्याच वर्षी 'न्यू वेव्ह हूकर्स' या १९८५ सालच्या चित्रपटाची नवी आवृत्ती आणली. बदल म्हणून नावातल्या 'न्यू'चे स्पेलिंग जर्मन ढंगाचे केले. दावा असा की हा नेहमीचा बाजार नव्हे, हे बंडखोर पोरापोरींचे काम आहे. अशा चित्रपटांबद्दल त्यांच्याच प्रेक्षकांकडून तक्रार ऐकू येते ती नेमकी याच दाव्याविषयी. केस तेवढे निळे, बाकी सारे जुनेच.

वाचक विचारतील, तुम्ही तो चित्रपट पाहिलात का? नाही. पाहण्याची गरजही वाटली नाही. हे चित्रपटपरीक्षण नव्हे. त्याची कथा, त्याची नावे, तो कसा बनला आणि पुढे त्याचे काय झाले, हे सारे उघड आहे आणि माझा प्रश्न तेवढ्यावरच उभा आहे. लाज मोडली म्हणजे बंड झाले का?

त्यासाठी आधी पंक म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे तो शब्द पोहोचला तो केशकर्तनालयाच्या मार्गाने. १९७६ सालचे लंडन. ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांवर गेलेली. शाळा सोडलेल्या पोरांना काम नाही, आणि रेडिओवर बड्या वादकांची गुळगुळीत, लांबलचक गाणी. अशा वेळी काही पोरांनी ठरवले की वाजवता येत नाही हीच आपली पात्रता. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या चौघांनी पाचशे पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७मध्ये आपली तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला एक हजार प्रती. वेष्टनावर प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले तेही छापले. मला या चळवळीतली सर्वांत बंडखोर गोष्ट वाटते ती ही. दुकानदार कधी आपल्या मालाची कृती सांगत नाही. या पोरांनी ती वेष्टनावरच सांगून टाकली. अर्थ असा की हे तुम्हालाही जमेल, आमच्याकडून विकत घेत बसू नका.

पंक पाकसाफ होता असे मात्र नव्हे. 'सेक्स पिस्टल्स' या गाजलेल्या बँडचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन याचे आणि विव्हिएन वेस्टवूडचे लंडनच्या किंग्ज रोडवर दुकान होते. त्या दुकानाचे नावच 'सेक्स', आणि तिथे रबराचे, चामड्याचे, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे विकले जात. म्हणजे बंड आणि बाजार पहिल्या दिवसापासून एकाच गल्लीत राहत होते. पण त्याच गल्लीत त्यांना उत्तर देणारीही राहत होती. मारियन इलियट, रंगमंचावरचे नाव पॉली स्टायरिन. वडील सोमाली, आई गोरी, दातांवर तारा, अंगावर भडक रंगांचे ढगळ कपडे. तिच्या 'एक्स-रे स्पेक्स' या बँडची १९७७ सालची पहिलीच तबकडी त्या पट्ट्यांच्या फॅशनमागचे 'बंधन' हा शब्द उचलते आणि तो फेकून देते. मला कोणी मादक बाहुली बनवायला निघाले तर मी डोके भादरीन, असे ती म्हणाली होती, आणि १९७८ साली तिने खरोखरच भादरले. ऑल्ट चित्रपटातल्या नायिकेचेही डोके अर्धे भादरलेले असते. वस्तरा तोच. एकीने तो गिऱ्हाईक हाकलण्यासाठी वापरला, दुसरीच्या डोक्यावर गिऱ्हाईक बोलावण्यासाठी फिरवला गेला.

आता मूळच्या १९८५ सालच्या चित्रपटाकडे येतो. दिग्दर्शक ग्रेगरी डार्क. कथा म्हणावी तर इतकीच की दोन पुरुष असलेच काही पाहत बसले आहेत, त्यांना झोप लागते आणि स्वप्न पडते. स्वप्नात ते बायकांचे दलाल आहेत, आणि त्यांना एक किल्ली सापडली आहे. 'न्यू वेव्ह' संगीत लावले की बायका आपोआप राजी होतात.

ही कल्पना थोडी उलटून पाहावी. ज्या संगीताचा सारा जन्म 'आम्ही ऐकणार नाही' या वाक्यातून झाला, तेच संगीत इथे बायकांना ऐकायला लावणारे यंत्र झाले आहे. मुलगी वेगळी आहे, धीट आहे, रात्रीबेरात्री फिरणारी आहे, तिच्यावर कोणाची हुकमत नाही, ही तिची सारी ऐट आधी दाखवायची आणि मग एक कळ दाबून ती ऐट विझवायची. पुरुषांच्या मनातले हे फार जुने स्वप्न आहे. वशीकरणाचे ताईत विकणारे भोंदू त्यावरच पोट भरतात, आणि रेल्वेच्या डब्यात चिकटवलेल्या त्यांच्या जाहिरातींची भाषाही थोडीफार हीच असते. त्यासाठी लॉस एंजेलिसला जायची गरज नव्हती.

या व्यवसायाच्या बाजूने होणारा सर्वांत दमदार युक्तिवाद संमतीचा आहे. सज्ञान माणसे आपल्या मर्जीने काही करीत असतील आणि त्याने तिसऱ्याचे नुकसान होत नसेल, तर समाजाने किंवा सरकारने नाक खुपसू नये. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावरच्या आपल्या ग्रंथात ही भूमिका मांडली आणि ती मी हलकी मानत नाही. अल्पसंख्य समाजात जन्मलेल्या माणसाने तर ती हलकी मानूच नये. आपल्या स्वयंपाकघरात काय शिजते आणि आपल्या बायका काय नेसतात यात नाक खुपसणाऱ्यांना थोपवायला हीच भूमिका उपयोगी पडते. पण त्याच ग्रंथात मिलने एक हद्द आखली आहे. माणसाला स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य नाही, असे तो म्हणतो, कारण त्या सौद्यानंतर स्वातंत्र्यच उरत नाही. 'हो' म्हणण्याला वजन येते ते उद्या 'नाही' म्हणता येते म्हणून.

आणि चित्रपट नेमके उद्याचे 'नाही' काढून घेतो. क्षणापुरती दिलेली संमती चित्रात कायमची गोठते. वीस वर्षांची असताना जिने सही केली ती चाळिशीत पोचते, तिची मुलगी शाळेत जाते, पण पडद्यावरची ती वीसचीच राहते आणि रोज नव्या माणसांना राजी होत राहते. निकाह हा आपल्याकडे करारच मानतात, पण त्या करारालाही खुला आहे, बाईला बाहेर पडायची वाट आहे, भले आपल्या समाजाने ती वाट कितीही काट्यांची करून ठेवली असो. चित्रीकरणाच्या करारनाम्याला खुला नाही. 'सुइसाइड गर्ल्स'च्या अनेक मॉडेल २००५ साली बाहेर पडल्या, त्या कराराच्या अटी आणि पुरुष मालकाची वागणूक यांविषयी जाहीर तक्रारी करून. कंपनीने त्या तक्रारी फेटाळल्या. खरे-खोटे करण्याची ही जागा नव्हे. परंतु भांडण कशावरून झाले ते लक्षात घ्यावे. कपड्यांवरून नाही, कपडे काढण्यावरूनही नाही. माझ्यावर हक्क कोणाचा, यावरून.

१९८५च्या चित्रपटाची गोष्ट तर याहून काळी आहे. १९८६ साली उघडकीस आले की त्यातल्या एका नटीचे वय चित्रीकरणाच्या वेळी अठराच्या आत होते. कायद्याच्या दृष्टीने तिची संमती ही संमतीच नव्हती. कॅसेटी बाजारातून मागे घ्याव्या लागल्या आणि तिचा भाग कापून चित्रपट पुन्हा आणला गेला. ज्यांना 'नाही' म्हणता येत नाही अशा स्त्रियांचे स्वप्न पडद्यावर, आणि जिच्या 'हो'ला अर्थ नव्हता अशी एक मुलगी कॅमेऱ्यासमोर. योगायोग म्हणून तो सोडून द्यायला मी तयार नाही. ज्या कल्पनेत दुसऱ्याच्या होकाराची गरजच उरत नाही, तिच्या निर्मितीत होकाराची चौकशी ढिली पडावी यात नवल ते काय?

एवढे होऊनही चित्रपट 'अभिजात' ठरला, पुढचे भाग निघाले, आणि एकवीस वर्षांनी नव्या बंडखोरांनी तोच पुन्हा करायला घेतला. मूळ दिग्दर्शक मधल्या काळात संगीताच्या व्हिडिओंकडे वळला होता. ब्रिटनी स्पिअर्स या किशोरवयीनांच्या लाडक्या गायिकेच्या एका गाण्याचा १९९९ सालचा व्हिडिओ त्याचाच. बंड आणि बबलगम एकाच दुकानात मिळते ते असे. चित्रपटात वाजणारे 'इलेक्ट्रिफाय मी' हे गाणे 'द प्लग्ज' या लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या पोरांच्या बँडचे. १९७९ साली त्यांनी ते स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्याच छापाखाली काढले होते. स्थलांतरितांच्या वस्तीतल्या मुलांनी मोठ्या कंपनीच्या दारात न जाता केलेली गोष्ट अखेर कुठे जाऊन वाजली!

पण या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत बोलके वाटते ते २००६च्या दिग्दर्शकाचे टोपणनाव. त्याने स्वतःला 'इऑन मॅकाय' म्हणवून घेतले. ही कोटी आहे इयन मॅकाय या माणसाच्या नावावर, आणि कोटी कळायला हा माणूस माहीत असायला हवा.

इयन मॅकाय वॉशिंग्टनचा. १९८० साली तो 'टीन आयडल्स' नावाच्या शाळकरी पोरांच्या बँडमध्ये होता. ही पोरे कॅलिफोर्नियाला गेली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात दारू मिळत असल्याने अल्पवयीनांना घेण्याचा प्रश्न आला. तोडगा असा निघाला की पोरांच्या हातांवर काळ्या शाईने मोठी फुली मारायची, म्हणजे त्यांना कोणी दारू देणार नाही. पोरांनी ती युक्ती वॉशिंग्टनला आणली. हळूहळू जी फुली दुसऱ्याने मनाईसाठी मारली होती, ती पोरे स्वतःच्या हाताने मारू लागली. आम्हाला देऊ नका याऐवजी आम्हाला नकोच. पुढच्या वर्षी मॅकायच्या 'मायनर थ्रेट' या बँडने पाऊण मिनिटाचे एक गाणे काढले, 'स्ट्रेट एज', आणि त्या नावाने एक जीवनपद्धती ओळखली जाऊ लागली. दारू नाही, नशा नाही, शिकार म्हणून केलेला शरीरसंबंध नाही. बँड मोडताना शिल्लक राहिलेल्या पैशांतून त्यांनी 'डिस्कॉर्ड' ही ध्वनिमुद्रण संस्था काढली होती. पुढे मॅकायच्या 'फुगाझी' या बँडने प्रवेश सर्व वयांना खुला आणि तिकीट पाच डॉलरच्या आसपास हा नेम वर्षानुवर्षे पाळला. आपल्या नावाचे टी-शर्ट विकायलाही ते तयार नव्हते.

या माणसाचे नाव ब्ल्यू फिल्मच्या दिग्दर्शकाने थट्टेत उचलावे, यात निव्वळ खट्याळपणा आहे असे मला वाटत नाही. त्यात कुठेतरी असूयाही असावी. नशा करणे, उघडे होणे, शिव्या देणे यांना विद्रोह म्हणणारी जमात कोणत्या माणसापुढे चुळबुळते? तिच्याच मंडपात बसून, तिच्याहून मोठ्या आवाजात ओरडून, जो पेला परत करतो त्याच्यापुढे. मागेल ते देणारा बाजार सगळे पचवतो. केस रंगवा, तो रंग विकतो. कपडे फाडा, तो फाडलेलेच कपडे शिवून देतो. मौलवींना चिडवा, पाद्र्यांना चिडवा, त्याचीही कॅसेट निघते. 'नको' म्हणणाऱ्याला काय विकायचे, हे मात्र त्याला लवकर सुचत नाही. कांटने म्हटले आहे की जो आपल्या ओढीमागे जातो तो स्वतंत्र नसतो, कारण ओढ त्याने निवडलेली नसते. आपल्याकडे यालाच नफ्सची गुलामी म्हणतात. वॉशिंग्टनच्या पोरांनी कांट वाचला होता की नाही कोण जाणे. फुली मात्र बरोबर जागी मारली होती.

इथे एक गैरसमज होऊ नये. अश्लीलतेच्या नावाने आरडाओरड करणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. मंटोला कोर्टाच्या पायऱ्या फाळणीआधीही चढाव्या लागल्या आणि नंतरही. इस्मत चुगताईंना 'लिहाफ'साठी लाहोरला हजर व्हावे लागले. १९७२ साली 'सखाराम बाइंडर' नाटकावर बंदी आली आणि कमलाकर सारंगांना न्यायालयात झगडावे लागले. त्या लेखनातही शरीर आहे, वासना आहे, शिव्या आहेत. फरक इतकाच की मंटोच्या कथेतली वेश्या थकलेली असते, तिचे डोके दुखते, तिला भाडे भरायचे असते. ती कोणाच्या स्वप्नातली किल्लीवर चालणारी बाहुली नसते. तिला पाहून वाचकाची नजर स्वतःकडे वळते. माझा आक्षेप उघडेपणाला नाही. या चित्रपटांत माणूस पुरता उघडा होतच नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. गोंदण दिसते, पण ते गोंदवताना ती कोण होती ते दिसत नाही.

बंडाची किंमत कोण देतो, हेही पाहावे. ३० एप्रिल १९७८ रोजी पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात वंशद्वेषाविरुद्ध मोठी सभा-मैफल झाली. 'द क्लॅश' होते, जमैकन वंशाच्या पोरांचे 'स्टील पल्स' होते, पॉली स्टायरिनही होती; ऐंशी हजारांच्या आसपास माणसे जमली. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच पूर्व लंडनमध्ये कामावरून घरी परतणाऱ्या अल्ताब अली या बंगाली शिलाई कामगाराचा खून झाला. त्या वातावरणात दक्षिण लंडनच्या काही पाकिस्तानी वंशाच्या मुलांनी १९७९ साली पंक बँड काढला, 'एलियन कल्चर'. मार्गारेट थॅचर यांनी १९७८च्या जानेवारीत परक्या संस्कृतीच्या लोकांनी देश भरून जाण्याची भीती बोलून दाखवली होती, त्या मुलाखतीवरून हे नाव. घरी आईवडिलांना हे संगीत पसंत नाही, बाहेर नॅशनल फ्रंटचे गुंड मैफली उधळायला येणार, आणि आपली गाणी दोन्हीकडच्यांना बोचणारी. १९८० साली त्यांची एकच तबकडी निघाली. पुढच्या वर्षी बँड मोडला आणि मुले आपापल्या नोकरीधंद्याला लागली. त्यांच्या डोक्यावर हिरवा तुरा होता की नाही, याने काही फरक पडत नव्हता. त्यांची चामडीच त्यांचा पेहराव होती आणि ती घरी गेल्यावर काढून ठेवता येत नव्हती.

हे सारे आपल्या दारात कसे येते, तेही सांगायला हवे. पूर्वी मोहल्ल्यात व्हीसीआर भाड्याने आणून रात्री दार लावून जे पाहिले जाई, ते आता तेरा वर्षांच्या मुलाच्या खिशात आहे. त्यावर आपल्या समाजाची दोनच उत्तरे मी पाहतो. एक म्हणजे गप्प बसणे. दुसरे म्हणजे मुलीचा दुपट्टा नीट करणे. मुलगा काय पाहतो याची चौकशी मुलीच्या कपड्यांवरून सुरू व्हावी, हा कुठला न्याय? सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची सूचना आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना नंतर. आपल्या तकरिरींमध्ये हा क्रम बहुतेक वेळा उलटा झालेला असतो. मुलीच्या झाकलेल्या डोक्याला समाजाची इज्जत मानणारा बाप आणि मुलीच्या भादरलेल्या डोक्याला बंडाचे चिन्ह म्हणून विकणारा निर्माता हे एकमेकांचे शत्रू समजले जातात. दोघांनाही तिच्या डोक्यावर काय आहे यातच रस आहे.

आणि नकाराचीही नशा चढते, हे विसरून चालणार नाही. मॅकाय पुनःपुन्हा सांगत राहिला की मी कोणतीही चळवळ सुरू केली नाही, मी माझ्यापुरते बोललो. पण १९९०च्या दशकात अमेरिकेच्या सॉल्ट लेक सिटीत हातांवर फुल्या मारलेली पोरे सिगारेट ओढणाऱ्यांना, दारू पिणाऱ्यांना गाठून मारहाण करू लागली, आणि पोलिसांनी त्यांची गणना टोळ्यांमध्ये केली. जी फुली पोरांनी एके काळी स्वतःच्या हातावर मारून घेतली होती, ती आता त्यांना दुसऱ्यांच्या हातावर मारायची होती.